तो पडणारच होता का?

पहाटे कधीतरी पाऊस थांबला आणि त्या शांततेनंच मला जाग आली. गच्चीवर गेले तेव्हा फरशीवरून पाण्याचा पातळ पापुद्रा अजून पन्हाळीकडे सरकत होता. गच्चीत माझे दोन पर्जन्यमापक आहेत. एकाच बनावटीचे, एकाच दिवशी आणलेले, एकमेकांपासून अकरा पावलांवर. एक मोकळ्यावर, दुसरा कठड्याजवळ. पहिल्यातलं पाणी मोजनळीत ओतलं. ४१.२ मिलिमीटर. दुसऱ्यातलं ओतलं. ३६.८. नळी पुसून कोरडी केली, पाणी परत ओतलं, डोळा पातळीला आणून, श्वास रोखून पुन्हा वाचलं. आकडे तेच. एकच ढग, एकच रात्र, एकच गच्ची, आणि दोन मापकांत १२ टक्क्यांचा फरक.

एरवी दोन्ही आकडे वहीत लिहून मी खाली आले असते. पण आदल्याच रात्री एका अहवालात वाचलं होतं, की डोंगरांवरच्या ढगांत बीजपेरणी केल्यामुळे, म्हणजे जास्त पडावं म्हणून ढगात बारीक कणांचा धूर सोडल्यामुळे, त्या हिवाळ्यात तिथला हिमवर्षाव १० टक्क्यांनी वाढला. वाक्य ठाम होतं, त्यात ‘सुमारे’सुद्धा नव्हतं. वाचून मला मनापासून आनंद झाला होता. ज्यांनी कोरडी वर्षं पाहिली आहेत त्यांना अशा वाक्याचा आनंद होतोच, तो शिकवावा लागत नाही. आता हातात मोजनळी घेऊन मी उभी होते आणि त्या १० टक्क्यांहून जास्त पाणी अकरा पावलांत हरवलं होतं.

मग आख्ख्या डोंगररांगेवर, वादळात, उडत्या बर्फात, ते १० टक्के कुणाला आणि कसे दिसले?

पुढच्या पावसाआधी मी दोन्ही मापकांच्या जागा बदलल्या. मोकळ्यावरचा कठड्याजवळ नेला, कठड्याजवळचा मोकळ्यावर आणला. त्या रात्रीही कठड्याजवळ कमी भरलं. म्हणजे दोष भांड्याचा नव्हता, जागेचा होता. कठड्यावर आपटून वारा वर उसळतो, आणि मापकाच्या तोंडाशी आलेले थेंब उचलून पलीकडे टाकतो. हे पावसाच्या थेंबांचं, जे निदान जड असतात. बर्फाच्या भुरभुरीचं तर विचारायलाच नको. उघड्या माथ्यावर वारा जोराचा असला, की पडणाऱ्या बर्फातलं निम्मंसुद्धा कधीकधी मापकात जात नाही. म्हणून तिथे मापकाभोवती लोंबत्या पट्ट्यांचं कडं लावतात, कुंपणाआत कुंपण उभारतात, नाहीतर बर्फाचं वजन तोलणाऱ्या गाद्या जमिनीवर पसरून ठेवतात. तरीही प्रत्येक आकड्यात वाऱ्याचा हात असतोच.

आजोबांची पावसाची वही निळ्या पुठ्ठ्याची होती. तीन रकाने: तारीख, मिलिमीटर, शेरा. कोरड्या दिवशीही ते ०.० लिहायचे, आणि ते लिहिण्यासाठी रोज तितक्याच वेळेवर मापकापाशी जायचे. मापकाचा तळ नुसताच ओलसर असला तर आकडा न लिहिता ‘शिंतोडे’ लिहायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन, तेव्हा एका कोरड्या वर्षी दुपारी ढगांत विमानाचा आवाज घुमला. खूप वेळ घुमत राहिला. संध्याकाळी पाऊस आला. सगळे रस्त्यावर उतरले होते, कुणीतरी रडत होतं, आम्ही पोरं भिजून थरथरत होतो आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच होतं: विमानानं पाडला. आजोबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत आकडा लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘ढग सकाळपासून होते.’ मी खांद्यावरून वाचत होते. मला त्यांचा इतका राग आला, की दिवसभर बोलले नाही. सगळ्यांच्या हातात आलेली एवढी मोठी गोष्ट त्यांनी एका ओळीत काढून घेतली, असं वाटलं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हे आपण सहज म्हणून जातो. पण कावळा खरंच जड असेल तर? आणि फांदी आधीच किडलेली असेल तर? दोन्ही खरं असेल तर?

पुढे मोठेपणी एकदा एका उंच खिंडीत मी ढगात सापडले होते. तो ढग मी विसरू शकत नाही. तापमान शून्याच्या बरंच खाली, आणि तरी हवेत बर्फ नव्हतं, धुकं होतं, ओलं, दाट, वाहतं. दहा मिनिटांत दोराच्या वाऱ्याकडच्या अंगाला पांढरी पिसं फुटली. काठीला, पापण्यांना, टोपीच्या काठाला, सगळ्याला वाऱ्याच्या दिशेनं वाढत जाणारी खरखरीत पिसं. स्पर्श झाला की थेंब गोठत होते. तोवर गोठायला त्यांना निमित्तच मिळालेलं नव्हतं. शुद्ध पाण्याचा बारीक थेंब उणे ३८ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत द्रव राहू शकतो. कशावर तरी जमायचं, तर आधी ते ‘काहीतरी’ हवं. डोंगराच्या अंगाला हवा वर चढते, थंड होते, ढग धरतो. माथा ओलांडला की हवा खाली उतरते, ऊन धरते, आणि तोच ढग विरून जातो. वारा ताशी ५४ किलोमीटरचा आणि रांग २० किलोमीटर रुंद धरली, तर या सगळ्याला अवघी बावीस मिनिटं मिळतात. त्या बावीस मिनिटांत थेंबाचं हिमकण होऊन खाली पडणं झालं नाही, तर ते पाणी माथ्यावरून तसंच निघून जातं. माझ्या पापण्यांवर साचलेलं ते तसलं पाणी होतं: डोंगरावर आलेलं आणि पडायचं राहून गेलेलं.

म्हणून बीजपेरणीची कल्पना मला कधीच खुळी वाटली नाही. सिल्व्हर आयोडाइड या चांदीच्या संयुगाच्या स्फटिकाची घडण बर्फाच्या घडणीशी जवळजवळ जुळते. त्याचा धूर उणे ६ अंशांहून थंड अशा ढगात मिसळला, की थेंबांना गोठायला निमित्त मिळतं. एकदा हिमकण तयार झाला, की आजूबाजूची वाफ तो ओढून घेतो, थेंब आटत जातात आणि कण जड होत जातो. १९४६ च्या १३ नोव्हेंबरला अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी विमानातून कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, ढगात टाकला आणि ढगातून हिमकणांची झालर खाली ओघळली. जमिनीवरून अर्व्हिंग लँगम्युअर ते बघत होते. नोबेल मिळालेला तो माणूस त्या दृश्यानं किती हलून गेला असेल याची मी कल्पना करू शकते. पुढची सगळी वर्षं त्यांनी हवामान बदलता येतं हे सांगण्यात घातली. पण त्या दिवशीची झालर वाटेतच विरली होती. जमिनीवर तिच्यातलं काही पोचलं नाही.

ढगात बदल होतो हे त्या दिवशीच दिसलं. डोंगरावर जास्त पडतं का, हा वेगळा प्रश्न निघाला, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

शेतात हे सोपं असतं. नवं खत खरंच लागू पडतं का हे बघायचं, तर काही पट्ट्यांत घालायचं, काही पट्टे तसेच सोडायचे. कोणत्या पट्ट्यात घालायचं ते मात्र आपल्या मनानं ठरवायचं नाही, कारण मन चांगल्या जमिनीकडे ओढतं, चिठ्ठी टाकायची. हे शहाणपण संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१९ पासून इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेतांत घासून-पुसून उभं केलं. येर्झी नेमन यांनी १९२३ मध्ये शेतीच्याच प्रयोगांवर लिहिताना एक गोष्ट मांडली, जी मला फार हळवी करते. प्रत्येक वाफ्याला जितकी बियाणी तितकी उत्पन्नं असतात. आपण त्यातलं एकच पेरतो, म्हणून एकच उत्पन्न बघतो. बाकीची असतात, पण दिसत नाहीत. हेच नेमन पुढे अमेरिकेत गेल्यावर एलिझाबेथ स्कॉट यांच्याबरोबर कित्येक वर्षं कृत्रिम पावसाच्या प्रयोगांचे आकडे तपासत बसले. मला ते अगदी स्वाभाविक वाटतं. न दिसलेलं उत्पन्न शोधणाऱ्या माणसानं शेवटी आभाळाकडेच बघायला हवं होतं. कारण आभाळाला बांध नसतो. पेरलेला पट्टा आणि न पेरलेला पट्टा शेजारी-शेजारी ठेवता येत नाहीत. तो ढग एकदाच येतो, आणि एक तर पेरलेला येतो, नाहीतर न पेरलेला.

मग चिठ्ठी दिवसांवर टाकायची. आज पेरायचं, उद्या सोडायचं, आणि शेकडो दिवसांचं मोजून बघायचं. कोलोरॅडोतल्या क्लायमॅक्स इथे १९६० पासून दहा वर्षं दोन प्रयोग असेच झाले, आणि काही प्रकारच्या ढगांत चांगलीच वाढ दिसल्याचं जाहीर झालं. अनेकांना वाटलं, प्रश्न मिटला. नंतरच्या फेरतपासणीत एक वेगळीच गोष्ट समोर आली: पेरणीच्या दिवशी दूरदूरच्या भागांतही, जिथे या धुराचा संबंध नव्हता तिथेही, जास्तच पडलं होतं. म्हणजे चिठ्ठीनंच जास्त पावसाचे दिवस पेरणीच्या बाजूला टाकले होते. कुणी लबाडी केली नव्हती. पत्ते पिसले तरी कधीकधी सगळे एक्के एकाच हातात येतात, तसं झालं. ही फेरतपासणी चिकाटीनं करणाऱ्यांत आर्थर रँग्नो आणि पीटर हॉब्ज होते, आणि रँग्नो हे कोलोरॅडोतल्याच पुढच्या मोठ्या पेरणी प्रकल्पात अंदाज वर्तवण्याचं काम केलेले. आतला माणूस. तो प्रकल्प १९७० ते १९७५ चालला आणि त्यातून एकंदर वाढ सिद्ध झाली नाही. इस्रायलमध्येही असंच. पहिल्या दोन प्रयोगांनी १५ आणि १३ टक्के सांगितले, तिसऱ्यात काही हाती लागलं नाही, आणि २०१३ ते २०२० या काळातल्या चौथ्यात १.८ टक्के, तेही योगायोगापासून वेगळं काढता न येणारे.

या माणसांबद्दल वाचताना माझ्या मनात आजोबांवरचा तो जुना राग पुन्हा जागा झाला, हे मी लपवणार नाही. लोक पाण्यासाठी टाहो फोडताहेत, आणि हे वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे आकडे उलगडत बसलेत. पण मग त्या गच्चीवरच्या सकाळी मी तरी काय करत होते?

सगळ्यात अवघड भाग मला वेगळाच वाटतो. चिठ्ठीवर ‘नाही’ निघालं, की समोरचा अगदी हवा तसा ढग, थंड, पाण्यानं भरलेला, तसाच जाऊ द्यायचा. बटण हाताशी आहे, खाली जलाशय अर्धा रिकामा आहे, आणि हात मागे घ्यायचा. किती जणांना हे जमेल? म्हणूनच रोजचे चालू असलेले बहुतेक कार्यक्रम चिठ्ठी टाकतच नाहीत. दिसेल तो ढग पेरतात आणि हंगामाच्या शेवटी शेजारच्या न पेरलेल्या डोंगराशी, जुन्या वर्षांच्या नात्यावरून, तुलना करून आकडा काढतात. मी वाचलेला तो ठाम १० टक्क्यांचा आकडा असाच काढलेला होता. मला त्यांची घाई समजते. तो आकडा मात्र मला पटत नाही. जुनं नातं कोणत्या वर्षांचं घ्यायचं, शेजारचा डोंगर कोणता धरायचा, हे निवडणारा हात आणि पेरणारा हात एकच असतो. आपण पेरलेलं उगवलं असं कुणाला वाटत नाही?

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या प्रयोगानं यावर जी तोड काढली ती वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसले, कारण ती माझ्या गच्चीवरचीच होती. दोन रांगा, मेडिसिन बो आणि सिएरा माद्रे, एकमेकींच्या जवळ. दोन्हींवर एकाच वेळी पेरण्याजोगा ढग आला, की चिठ्ठी फक्त इतकंच ठरवणार: या वेळी कोणती. चार तास एकीवर धूर, दुसरी तशीच. पुढच्या वेळी कदाचित उलट. कोणताच ढग पुरता वाया जात नाही आणि जागेचा दोष आपोआप कटतो. सहा हिवाळे हे चाललं. गाळून-निवडून ११८ प्रसंग उरले. २०१४ च्या अखेरीस निकाल आला: ३ टक्के वाढ. आणि पेरणीचा काहीच परिणाम नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता २८ टक्के. म्हणजे ‘हो’ म्हणवत नाही आणि ‘नाही’ही म्हणवत नाही. धूर सगळ्याच वेळी ढगाच्या योग्य थरात पोचला नाही, कधी एका रांगेवरचा दुसरीकडे गेला. चांगला धूर पोचलेले प्रसंग, संगणकावरची प्रारूपं, सगळं मिळून संशोधकांचा अंदाज ५ ते १५ टक्क्यांचा झाला. पण हिवाळ्यातल्या एकूण बर्फापैकी पेरण्याजोग्या वादळांतून येतं ते जेमतेम ३० टक्के. गुणाकार करून बघितला. आख्ख्या हिवाळ्यात दीड ते साडेचार टक्के. माझ्या कठड्याजवळचा वारा एका रात्रीत याच्या कितीतरी पट खाऊन टाकतो.

ऑस्ट्रेलियातल्या स्नोई माउंटन्समधली एक युक्ती मला आवडली, ती इथे सांगून टाकते. नुसतं बर्फात चांदी सापडली म्हणून पेरणी लागू पडली असं होत नाही. पडणारं बर्फ वाटेतला धूर असाच झाडूनही आणतं. म्हणून २००५ ते २००९ च्या त्या प्रयोगात सिल्व्हर आयोडाइडच्या जोडीला इंडियम या धातूचं ऑक्साइड सोडलं. बर्फ जमवायचा गुण त्याच्यात नाही, ते नुसतं सोबत जातं. खाली पडलेल्या बर्फात दोन्ही सारखं असेल तर चांदी नुसतीच झाडली गेली. चांदी जास्त असेल तर ती हिमकणांच्या गाभ्यात बसून आली. कोणाला सुचलं असेल हे? साक्षीदाराबरोबर असा एक मुका सोबती पाठवायचं?

आणि मग १९ जानेवारी २०१७. आयडाहोमधला पायेट नदीचा डोंगराळ भाग. ढग होता, थंड पाणी होतं, पण आपणहून फारसं काही पडत नव्हतं. पेरणीचं विमान वाऱ्याला आडवं, मागे-पुढे फेऱ्या मारत गेलं. थोड्या वेळानं डोंगरमाथ्यांवर उभ्या केलेल्या रडारच्या पडद्यावर नागमोडी रेघा उमटल्या. विमानाच्या फेऱ्यांच्या, अगदी त्याच आकाराच्या. त्या रेघा वाऱ्याबरोबर सरकत, रुंदावत खाली उतरल्या. निसर्ग काहीही करतो, पण विमानाच्या फेऱ्यांची नक्कल करत नाही. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळे भरून आले. सत्तर वर्षं ‘तो पडणारच होता का?’ या प्रश्नाला कुणाला नीट उत्तर देता आलं नव्हतं, आणि इथे एका ढगापुरतं तरी ते आभाळानंच रेघ ओढून दिलं होतं.

नंतर त्या बर्फाचं मोजमाप प्रसिद्ध झालं. १९, २० आणि ३१ जानेवारी, तीन दिवसांचे तीन प्रसंग. पहिल्या दिवशी ६७ मिनिटांत सगळ्या परिसरावर मिळून सुमारे १ लाख २३ हजार घनमीटर पाणी. तिन्ही दिवसांचं मिळून ७ लाखांच्या वर. किती मोठे आकडे वाटतात. पण एखाद्या मापकाच्या तोंडात त्यातलं किती आलं? ०.०५ ते ०.३ मिलिमीटर. मी हा आकडा वाचून पुस्तक मिटलं आणि नुसती बसून राहिले. इतक्या वर्षांच्या धडपडीतला सगळ्यात भरवशाचा पुरावा, ज्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवायला तयार आहे, तो यातल्या खालच्या टोकाला पडला असता, तर आजोबांनी आकडा लिहिलाच नसता. ‘शिंतोडे’ लिहिलं असतं.

ती वही मी त्याच रात्री काढली. पुठ्ठ्याचा निळा रंग हाताला लागतो आता. ते पान शोधायला वेळ लागला नाही, त्या वर्षात ०.० इतके आहेत की भरलेला आकडा लांबूनच दिसतो. २२.६. आणि शेरा. लहानपणी मी फक्त शेवटची ओळ वाचली होती. ती ठळक होती आणि बाकीचं बारीक अक्षरात, रकान्याबाहेर समासात वळलेलं. आता चष्मा लावून पूर्ण वाचलं. ‘विमान ४.१०, उत्तरेकडून, तीन फेऱ्या ऐकू आल्या. वारा नैर्ऋत्येचा. पाऊस सुरू ५.०५. थांबला ६.२०. ढग सकाळपासून होते.’

पानाला मागून एक चिठ्ठी टाचलेली होती, टाचणी गंजून कागदात उतरलेली. अक्षर त्यांचं नव्हतं, दुसऱ्या कुणाचं तरी. त्यांनी विचारून मागवली असणार, कारण तारीख चार दिवसांनंतरची. ‘डोंगरापलीकडे, आपल्या मापकावर, त्याच संध्याकाळी: २१.०. विमान इकडे आले नाही.’ खाली आजोबांच्या अक्षरात, पेन्सिलीनं, वजाबाकी मांडलेली. १.६. त्याच्यापुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे जागा कोरी.